होम, सिंगल लँग्वेज की प्रो? छोट्या ऑफिसासाठी विंडोजची निवड

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे अशाच अडचणीत असलेल्या इतरांनाही उत्तर वापरता येईल. तुमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. पाच नवे लॅपटॉप आहेत, पाचांवर विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज. सहावा जुना डेस्कटॉप, त्यावर विंडोज १० प्रो. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एका मशीनवर ठेवून बाकीच्यांनी तो उघडायचा आहे, आणि संध्याकाळी घरून ऑफिसच्या मशीनवर काम करायचं आहे. हार्डवेअर बघणारे म्हणतात की नेटवर्कसाठी सगळ्यांवर प्रो टाकावं लागेल आणि प्रोने मशीन वेगात चालतील. ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत प्रोची 'की', म्हणजे ते चालू करणारा लायसन्स क्रमांक, मिळते, ती घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय भाचीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, तिला होम चालेल का.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. सहापैकी एकाच मशीनला प्रो लागतं, आणि ते बहुधा तुमच्याकडे आधीच आहे. बाकी पाचांवर आहे तेच राहू द्या. चार-पाचशेची की घेऊ नका. भाचीला होम पुरेसं आहे.

वेगाचं आधी मिटवू. विंडोज ११ची मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेली आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या डिस्कची प्रत, उघडली की आत एकच मोठी इन्स्टॉलेशनची फाइल असते. होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो, एज्युकेशन ही सगळी एडिशन्स त्या एकाच फाइलीत बांधलेली असतात. कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, तोच, ड्रायव्हर तेच, दर महिन्याचे सुरक्षा अपडेटही तेच. कोणती दारं उघडी ठेवायची हे लायसन्स ठरवतं. म्हणून तर होमचं प्रो करताना फॉरमॅट मारावा लागत नाही. की स्वीकारली गेली की मशीन एकदा रीस्टार्ट होतं आणि थोड्या वेळात प्रो होऊन परत येतं, फाइली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी. हार्डवेअरच्या कमाल मर्यादेत फरक आहे, पण तो तुमच्या कामाचा नाही. होमला १२८ जीबी रॅम चालते, प्रोला २ टीबी. होम एका प्रोसेसर सॉकेटवर, प्रो दोनवर. तुमच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी असेल तर प्रोचे पैसे १६ जीबी रॅमकडे वळवा, फरक त्याच दिवशी दिसेल. 'प्रो टाकल्यावर मशीन पळायला लागलं' असं लोक सांगतात तेव्हा बहुतेक वेळा सोबत फॉरमॅट झालेला असतो किंवा जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसलेली असते.

आता नेटवर्क. फोल्डर शेअर करणं, प्रिंटर शेअर करणं, दुसऱ्या मशीनवरचा टॅलीचा डेटा उघडणं, हे सगळं होमवर चालतं. लायसन्सप्रमाणे एका मशीनवरचे फोल्डर आणि प्रिंटर एका वेळी २० इतर उपकरणांना वापरता येतात. सहा मशीनचं ऑफिस त्यात आरामात बसतं. टॅली एकाहून जास्त जणांनी एकाच वेळी वापरायची तर टॅलीचं गोल्ड लायसन्स लागतं, सिल्व्हर एका युजरसाठी असतं. विंडोजच्या एडिशनचा त्यात काही संबंध नाही. शेअर केलेला फोल्डर दिसत नसेल तर कारण सहसा साधं असतं: वाय-फाय किंवा लॅन जोडताना नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलेलं असतं, किंवा समोरच्या मशीनवरच्या अकाउंटला पासवर्डच नसतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फार कमी जणांना माहीत असते. विंडोज ११च्या २४एच२ व्हर्जनपासून शेअरिंगचे नियम प्रोवर होमपेक्षा कडक झालेत. प्रोमध्ये नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीला डिजिटल सही (मशीन आपसांत आपोआप करतात ती, तुमच्या टोकनवरची नव्हे) सक्तीची आहे आणि बिनपासवर्डचं गेस्ट शेअरिंग मुळातच बंद आहे. होमवर ही सक्ती नाही. त्यामुळे जुनी नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी), किंवा स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारं जुनं झेरॉक्स मशीन, होमच्या लॅपटॉपशी नीट चालत असतं आणि प्रो केल्या दिवशी बंद पडतं. सुरक्षेच्या दृष्टीने प्रोचं वागणं बरोबरच आहे. पण 'नेटवर्कसाठी प्रो' हा सल्ला किती उलटा पडू शकतो ते लक्षात घ्या.

मग प्रो घ्यायचं कशासाठी? मशीनसमोर बसणारा आणि मशीनची जबाबदारी असणारा, हे दोन वेगळे असले की प्रो लागतं. बाहेरून मशीनमध्ये शिरायचं आहे, दहा-वीस मशीनना एकच नियम लावायचा आहे, कंपनीच्या डोमेनला किंवा एंट्रा आयडीला, म्हणजे सगळ्यांची अकाउंट एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, मशीन जोडायचं आहे, डिस्कचं कुलूप (एन्क्रिप्शन) स्वतःच्या नियमांनी चालवायचं आहे: ही चार कामं होम करू देत नाही. तुमच्याकडे त्यातलं पहिलं काम नक्की आहे. चौथ्याबद्दल बरंच बोलायचं आहे. बाकी दोन तुम्हाला आज लागू नाहीत.

घरून ऑफिसच्या मशीनवर काम करण्यासाठी विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप आहे. होमवरून दुसऱ्या मशीनला जोडता येतं, पण होममध्ये दुसऱ्याला आत घेता येत नाही. म्हणजे ऑफिसातल्या ज्या मशीनवर तुम्ही शिरणार ते प्रो हवं, घरचा लॅपटॉप होम असला तरी चालतो. याच हिशोबाने सहापैकी एक, असं मी म्हटलं.

दोन अडचणी मात्र आधीच माहीत असू द्या. पहिली, प्रोवर एका वेळी एकच जण काम करू शकतो. तुम्ही घरून शिरलात की ऑफिसातल्या मशीनचा स्क्रीन लॉक होतो. एकाच प्रोवर पाच जण एकाच वेळी हवे असतील तर विंडोज सर्व्हर, त्याची युजर लायसन्स आणि रिमोट डेस्कटॉपची वेगळी लायसन्स लागतात. बाजारात काही जण सिस्टिमवर एक पॅच मारून प्रोवरच पाच जणांना शिरवून देतात. ते लायसन्सच्या विरुद्ध आहे, आणि एखाद्या अपडेटनंतर अचानक बंद पडतं. रिटर्नची शेवटची तारीख आणि बंद पडलेलं रिमोट एकाच दिवशी आलं तर काय होईल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

दुसरी अडचण डिजिटल सहीच्या टोकनची, आणि ती तुमच्या धंद्याला अगदी नेमकी भिडते. डीएससीचं यूएसबी टोकन ऑफिसच्या मशीनला लावून ठेवायचं, घरून रिमोट डेस्कटॉपने शिरायचं, जीएसटी किंवा इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर सही करायला जायचं, आणि तिथे टोकन सापडतच नाही. टोकन बिघडलेलं नसतं, ड्रायव्हरही ठीक असतो. रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात विंडोज स्मार्ट कार्ड शोधताना तुम्ही बसलाय त्या मशीनकडे बघतं, समोरच्या मशीनकडे बघत नाही. त्यामुळे टोकन घरच्या लॅपटॉपला लावायचं, ड्रायव्हर दोन्हीकडे टाकायचा, आणि जोडण्यापूर्वी रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत 'लोकल रिसोर्सेस'मध्ये 'मोअर'वर जाऊन स्मार्ट कार्डची खूण केलेली आहे ना ते बघायचं. मग टोकन दिसतं. एनीडेस्कसारख्या स्क्रीन दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे तुम्ही मशीनवरचं चालू सत्रच बघत असता. टोकन ऑफिसातच ठेवणं भाग असेल तर तो मार्ग बरा, आणि त्याला प्रोसुद्धा लागत नाही. फक्त अशी सॉफ्टवेअर फुकटात बहुधा घरगुती वापरापुरतीच असतात, ऑफिससाठी त्यांचं लायसन्स घ्या.

रिमोट डेस्कटॉप चालू केल्यावर राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं नेटवर्कवरचं दार, बाहेरच्या जगाला उघडून देऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. इंटरनेटवर हा पोर्ट उघडा शोधत फिरणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. पासवर्ड ओळखून आत शिरायचं आणि डेटा एन्क्रिप्ट करून खंडणी मागायची, हा रॅन्समवेअरवाल्यांचा ठरलेला रस्ता आहे. २०१९च्या मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपमधलं 'ब्लूकीप' नावाचं एक भोक इतकं गंभीर निघालं की ज्या विंडोज एक्सपीचा आधार केव्हाच संपला होता त्यासाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. घरून जोडायचं तर आधी व्हीपीएन (घर ते ऑफिस असा इंटरनेटवरचा सुरक्षित खाजगी रस्ता), मग रिमोट डेस्कटॉप. आजकालच्या बऱ्याच राउटरमध्ये व्हीपीएनची सोय असते, हार्डवेअरवाल्यांना ती चालू करून द्यायला सांगा. आणि रिमोटला पिन चालत नाही, अकाउंटचा पासवर्ड लागतो. तो लांबलचक ठेवा.

आता डिस्कचं कुलूप. होमवाल्यांना सर्वात जास्त फटका इथे बसतो, आणि तो टाळायला एक पैसा लागत नाही.

बिटलॉकर म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं तंत्र. 'बिटलॉकर फक्त प्रोमध्ये' हे वाक्य अर्धं खरं आहे. प्रोमध्ये बिटलॉकरची पूर्ण चावी तुमच्या हातात असते: कोणती डिस्क लॉक करायची, की कुठे ठेवायची, पेन ड्राइव्हला पासवर्ड लावायचा का, सगळं तुम्ही ठरवता. होममध्ये तेच तंत्र 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने असतं, आणि तिथे फक्त चालू किंवा बंद एवढंच हातात आहे. २४एच२पासून यात मोठा बदल झाला. नवा लॅपटॉप सुरू करताना किंवा नव्याने विंडोज टाकताना तुम्ही मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. ठळक सूचना येत नाही, मालकाला पत्ता नसतो. अडल्यावर हे कुलूप उघडणारी रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते.

मग एके दिवशी बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट होतो, किंवा मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि मशीन चालू करताच निळा स्क्रीन येतो: ४८ अंकी रिकव्हरी की टाका. सहा-सहा अंकांचे आठ गट. खाली की-आयडी दिसतो. मी सांभाळतो त्या एका ऑफिसात असंच झालं. लॅपटॉप सुरू करून देताना दुकानातल्या मुलाने घाईत एक नवाच ईमेल बनवला होता आणि तो कुणीच लिहून ठेवला नव्हता. डिस्क धडधाकट, डेटा जागेवर, आणि तरी त्यातली एक फाइल निघेना. अशा वेळी डेटा रिकव्हरीवाल्यांकडे धाव घेऊन काही होत नाही. एन्क्रिप्शन मोडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तो ईमेल आठवणं किंवा तो मुलगा सापडणं, एवढाच मार्ग उरतो. त्या ऑफिसात मुलाच्या मोबाइलमध्ये तो ईमेल लॉग-इन होता, म्हणून निभावलं.

तेव्हा पाचही होम लॅपटॉपवर आजच एक काम करा. सेटिंग्ज, त्यात प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन. चालू दिसलं तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर लॉग-इन करून त्या मशीनच्या नावाखाली रिकव्हरी की शोधा, कागदावर छापा आणि ऑफिसच्या तिजोरीत ठेवा. की-आयडीचे पहिले आठ आकडे-अक्षरंही त्यावर असू द्या, म्हणजे पाच कागदांतून नेमका कागद सापडतो. बायोस अपडेट करण्यापूर्वी एन्क्रिप्शन बंद करा, झाल्यावर पुन्हा चालू करा. कायमचं बंद मात्र ठेवू नका. तुमच्या लॅपटॉपवर अशिलांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील आणि पोर्टलचे पासवर्ड असतात. लॅपटॉप रिक्षात राहिला तर हेच कुलूप तुमची अब्रू राखतं. पेन ड्राइव्हवर डेटा ने-आण करत असाल तर प्रो मशीनवर त्याला बिटलॉकरचा पासवर्ड लावा. होमवर असा पेन ड्राइव्ह तयार करता येत नाही, पण पासवर्ड टाकून उघडता येतो.

ग्रुप पॉलिसी एडिटर होममध्ये नाही. यूएसबी बंद करणं, ठरावीक वेळात स्क्रीन लॉक होणं, अपडेटचं वेळापत्रक बांधणं, अशा गोष्टी प्रोमध्ये त्यातून होतात. होममध्ये हा एडिटर बसवून देणाऱ्या बॅच फाइली नेटवर फिरतात. त्यांनी एडिटरची खिडकी उघडते, पण आतले कित्येक नियम होम जुमानतच नाही, म्हणून त्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी होममध्येच असलेलं एक साधं काम करा, जे मी पाहिलेल्या बहुतेक ऑफिसांत झालेलं नसतं: प्रत्येकाला स्टँडर्ड अकाउंट द्या आणि ॲडमिन अकाउंटचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. चुकून क्लिक झालेली फाइल मग संपूर्ण मशीनवर हात मारू शकत नाही. पाच मशीनच्या ऑफिसला या एका सवयीने मिळणारं संरक्षण पाच प्रो लायसन्सपेक्षा मोठं आहे, असं मी अनुभवावरून सांगतो.

अपडेटच्या बाबतीत होममध्ये ते पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात, नंतर घ्यावेच लागतात. प्रोमध्ये पॉलिसी लावून मासिक अपडेट ३० दिवस आणि वर्षाचा मोठा अपडेट ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतो. तुमच्यासाठी होमचा पाच आठवड्यांचा थांबा पुरतो. रिटर्नचा हंगाम सुरू होताना तो लावा, तारीख उलटली की लगेच अपडेट घ्या.

प्रोमधली आणखी एक सोय तुम्हाला उपयोगी पडेल, ती म्हणजे विंडोज सँडबॉक्स. ती चालू केली की एक कोरं, तात्पुरतं विंडोज खिडकीत उघडतं. 'आयकर विभागाची नोटीस' म्हणून आलेली संशयास्पद फाइल तिथे उघडून बघायची. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. ज्या मशीनवर प्रो असेल तिथे ही सवय लावून घ्या. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन' या यादीत तिचं नाव सापडेल.

सिंगल लँग्वेज या नावाने बरेच जण घाबरतात. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर हेच एडिशन सर्रास येतं. होममध्ये आणि यात फरक एवढाच की मेनू आणि सेटिंग्जची भाषा एकच राहते, दुसरी जोडता येत नाही. टायपिंगला काहीच आडकाठी नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजखाली मराठी जोडा, इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. फोनेटिक २०१९मध्ये आलेल्या विंडोज १०च्या १९०३ व्हर्जनपासून सोबतच येतो. विंडोज-की आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. मराठी पत्रं टाइप करण्यासाठी कुणी तुम्हाला प्रो विकत असेल तर त्याला हे दाखवा. मेनूच मराठीत हवे असतील तर मात्र सिंगल लँग्वेजमधून बाहेर पडावं लागेल.

एडिशन्स अशी वाटून विकण्याची पद्धत जुनी आहे. २००१मध्ये एक्सपी आलं तेच होम आणि प्रोफेशनल अशा दोन रूपांत. एक्सपीचं स्टार्टर एडिशन भारतासारख्या देशांसाठी काढलं होतं आणि त्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडायचे. विंडोज ७चं होम बेसिक अशाच बाजारांपुरतं होतं, अमेरिकेत ते विकलंच गेलं नाही. त्या मानाने आजचं होम खूपच भरलेलं आहे. जुन्या काळात 'होम म्हणजे अर्धवट' ही समजूत बसली ती रास्त होती, आज ती लागू होत नाही.

आता किल्ल्यांचा विषय. चार-पाचशे रुपयांत मिळणारी प्रोची की बहुतेक वेळा कुठल्या तरी मोठ्या संस्थेने अनेक मशीनसाठी एकगठ्ठा घेतलेल्या व्हॉल्यूम लायसन्समधली असते. एमएके प्रकारची एकच की शेकडो मशीन ॲक्टिव्हेट करते, आणि ती त्या संस्थेपुरती असते. कुणी तरी ती सुटी करून विकतो. टाकल्यावर 'विंडोज इज ॲक्टिव्हेटेड' दिसतं, म्हणून घेणाऱ्याला ती खरी वाटते. पुढे की ब्लॉक झाली की कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' उमटतं, आणि विकणारा तोवर निघून गेलेला असतो. वर्षानुवर्षं चालली तरी तुमच्या ऑफिसकडे लायसन्स नसतंच, फक्त की असते.

यापेक्षा वाईट म्हणजे ॲक्टिव्हेटर, लायसन्स नसताना विंडोज ॲक्टिव्हेट करून देणारे प्रोग्रॅम. ते चालवायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि तिथेच मी थांबतो. ज्या मशीनवर शेकडो अशिलांची लॉग-इन आहेत तिथे अनोळखी प्रोग्रॅमला ॲडमिनचे अधिकार द्यायचे, हे मला कोणत्याही बचतीसाठी पटत नाही.

तुमच्या मशीनवर नेमकं काय आहे ते असं तपासा. विंडोज-की आणि आर दाबा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजी छोट्या अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, मग स्पेस, तिरकी रेघ (/) आणि लगोलग डी-एल-आय टाइप करून एंटर करा. काही सेकंदांनी एक छोटी खिडकी उघडते. पहिल्या ओळीत एडिशनचं नाव असतं. 'डिस्क्रिप्शन'च्या ओळीच्या शेवटी चॅनेल लिहिलेला असतो, आणि बघायचं ते तिथेच. 'ओईएम डीएम' असेल तर लायसन्स लॅपटॉपबरोबर आलंय, की मदरबोर्डच्या चिपमध्ये कोरलेली आहे आणि ते त्याच मशीनपुरतं राहणार. 'रिटेल' असेल तर सुटं विकत घेतलेलं, उद्या जुनं मशीन काढून टाकलं तर दुसऱ्यावर नेता येतं. 'व्हॉल्यूम एमएके' किंवा 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' दिसलं आणि तुमच्या ऑफिसचा मायक्रोसॉफ्टशी व्हॉल्यूम करार नसेल, तर कुणी तरी काही तरी टाकून ठेवलंय. केएमएसचं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि संस्थेच्या सर्व्हरकडून ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. तुमच्या ऑफिसात असा सर्व्हर नाही, म्हणजे मागे एखादा ॲक्टिव्हेटर लपून चालू असणार. असं मशीन पूर्ण फॉरमॅट करून नव्याने उभं करा आणि त्यावर वापरलेले पासवर्ड बदला.

की मदरबोर्डमध्ये कोरलेली असण्याचा एक परिणाम प्रो घेतलेल्यांना गोंधळात टाकतो. होमचा लॅपटॉप तुम्ही पैसे भरून प्रो केला आणि पुढे कधी फॉरमॅट मारला, तर इन्स्टॉलर चिपमधली होमची की वाचतो आणि एडिशन न विचारता होम टाकतो. प्रो गेलेलं नसतं. इंटरनेट जोडा, त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करा आणि सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावरून ते परत घ्या, किंवा प्रोची की हाताशी असेल तर टाका. उलट दिशेने, म्हणजे प्रोवरून होमवर, यायचं तर नव्याने विंडोज टाकावंच लागतं.

प्रो रीतसर घ्यायचं तर त्याच ॲक्टिव्हेशनच्या पानावर एडिशन अपग्रेडचा पर्याय आहे. तो मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये नेतो आणि रुपयांतली चालू किंमत तिथेच दिसते. अमेरिकेत होमचं प्रो करायला ९९ डॉलर पडतात, यावरून अंदाज घ्या. नवा लॅपटॉप घेणार असाल आणि तिथे प्रो लागणार हे माहीत असेल, तर तो प्रोसकटच घ्या. नंतर वेगळं प्रो घेण्यापेक्षा ते बऱ्याचदा स्वस्त पडतं.

एंटरप्राइझ आणि एज्युकेशन ही एडिशन्स दुकानात मिळत नाहीत, संस्थेच्या करारातून येतात. होम आणि प्रोच्या प्रत्येक व्हर्जनला २४ महिने अपडेट मिळतात, यांना ३६. एलटीएससी नावाचं एंटरप्राइझचं एक रूप 'गेमिंगसाठी हलकं विंडोज' म्हणून ऑनलाइन विकलं जातं. ते कारखान्यातली यंत्रं, दवाखान्यातली उपकरणं अशा ठिकाणांसाठी आहे, जिथे वर्षानुवर्षं काही बदलायला नको असतं. सुटी की घेऊन ते घरी टाकणं म्हणजे पुन्हा वरचाच किल्ल्यांचा प्रकार. नातेवाइकांनी युरोपातून आणलेल्या लॅपटॉपवर कधी 'एन' एडिशन निघतं. २००४च्या युरोपियन कमिशनच्या निर्णयामुळे त्यात मीडिया प्लेअर नसतो. ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक फुकट टाकला की काम भागतं. आणि स्वस्त लॅपटॉपवर 'एस मोड' लिहिलेलं दिसलं तर त्यात स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही, टॅली नाही की टोकनचा ड्रायव्हर नाही. स्टोअरमधून तो फुकट काढता येतो. एकदा काढला की परत मात्र येत नाही.

भाचीचं उत्तर लहान आहे. सी, पायथन, जावा, कॅड, मॅटलॅब सगळं होमवर चालतं. लिनक्सचा अभ्यास करायला विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ होममध्ये आहे, प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासात लागणारं डॉकर त्याच्या आधाराने चालतं. एका मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारं हायपर-व्ही नाही, पण त्याच कामाचं व्हर्च्युअलबॉक्स आहे. तिच्या कॉलेजने मायक्रोसॉफ्टची शैक्षणिक योजना घेतली असेल तर विंडोजचं एज्युकेशन एडिशन तिला कॉलेजच्या ईमेलवरून फुकट मिळू शकतं, ते प्रोपेक्षाही वरचं. प्रवेश झाल्यावर कॉम्प्युटर विभागात विचारायला सांगा. पैसे १६ जीबी रॅममध्ये घाला, आणि तिच्याही लॅपटॉपची रिकव्हरी की छापून ठेवा.

आता तुमचा जुना डेस्कटॉप. त्यावर प्रो आहे आणि तेच तुमच्या कामी येईल. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, म्हणून आहे तसं ते मशीन डेटासाठी वापरू नका. मशीन विंडोज ११ला चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक टाकून बघा. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी) सोय असेल, प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर ते विंडोज ११वर फुकट जातं, आणि विंडोज १० प्रोचं ११ प्रोच होतं. टीपीएम नाही असं दाखवलं तर निराश होऊ नका. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर तो असतो, पण बायोसमध्ये बंद ठेवलेला. आधी डीएलआयवाली खिडकी उघडून त्याचं प्रो ओईएम किंवा रिटेल आहे याची खात्री करा. तसं निघालं तर एसएसडी बसवून, बिटलॉकर लावून, टॅलीचा डेटा त्यावर ठेवा आणि घरून त्याच मशीनवर शिरा. विंडोजचं नवं लायसन्स एकही लागणार नाही. वाचलेल्या पैशांतून दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, रोज संध्याकाळी एकीवर बॅकअप, आणि दुसरी आठवड्याने अदलाबदल करून घरी न्या.

प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा त्याहून जुना निघाला तर तपासणी चुकवून ११ बसवण्याच्या युक्त्या नेटवर सापडतील. घरच्या मशीनवर कुणी करत असेल तर करो, अशिलांच्या डेटावर नको. मग पाच लॅपटॉपपैकी जो ऑफिसातच राहतो, ज्यात एसएसडी आणि रॅम चांगली आहे, त्या एकाला स्टोअरमधून प्रो करा, आणि जुन्या डेस्कटॉपची डिस्क काढून घेऊन मगच तो विका.